डावीकडे, मग पुन्हा डावीकडे

आमच्या गावात तेव्हा एक अलिखित शिरस्ता होता:
जर्मन माणसानं रस्ता विचारला
तर सांगायचा. नम्रपणे. चुकीचा.
बेकरीवाल्या खेरिटनं एका जोडप्याला
थेट गुरांच्या बाजारात धाडलं होतं,
ते हसू आम्हाला वर्षभर पुरलं.

पंचावन्न सालचा जून. मी एकोणीस वर्षांची,
चौकातल्या दुकानात मधाच्या केकचे पुडे बांधत होते.
तो आला सायकल ढकलत,
गुडघा सोललेला, नकाशा उलटा.
"जुळ्या मनोऱ्यांचं चर्च?"
विचारलं डचमध्येच, पण त्या डचला
जर्मन अस्तर होतं, शिवणीतून डोकावणारं.
मनोरे त्याच्या पाठीशीच उभे होते.
मी म्हटलं, "डावीकडे, मग पुन्हा डावीकडे,
मग सरळ, वास येईपर्यंत."

संध्याकाळी परत आला.
भांडणार म्हणून मी पदरचे चार शब्द
घासून ठेवले होते.
तो म्हणाला, "आभार.
चर्च काही सापडलं नाही. पण चामड्याच्या कारखान्यामागे
एक म्हातारा बदकांना नावानं हाका मारत होता
आणि एकूण एक बदक ओ देत होतं.
उद्या काय बघू?"

उद्या मी त्याला कोळशाच्या धक्क्यावर धाडलं.
तिथं एका नावाडणीनं त्याला वाटाण्याचं सूप पाजलं.
परवा धोब्यांच्या गल्लीत.
गाव लहान. एका माणसाची
किती वेळा वाट लावणार?
आणि चार वाजल्यापासून मी
त्याचीच वाट बघतेय, हे ध्यानात आलं
तेव्हा माझाच मला राग आला.

चौथ्या दिवशी मीच निघाले बरोबर,
नीट चुकावं म्हणून.

आयसलवरचा नवा पूल दाखवला.
"जुना तुम्ही उडवलात," मी म्हटलं.
(त्याच्याआधी एकदा आमच्याच सैन्यानं, चाळीस साली;
तेवढं गाळलं.)
"मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो," एकहार्ट म्हणाला.
"आणि तुझे वडील? ते कुठे होते?"
"विचारलं की ते रेडिओ मोठा करतात."
खालून एक वाळूची बोट गेली. बराच वेळ गेली.
त्यानं कठड्यावर हात ठेवला होता,
माझ्या हातापासून चार बोटं दूर,
आणि ती चार बोटं
त्या दिवशी कुणीच ओलांडली नाहीत.

मग मी त्याला आमची पडवी दाखवली.
कुठल्याही नकाशात नसलेलं ठिकाण.
भिंतीत मोठा खिळा, आणि खिळ्यावर
सायकलीच्या जागी पिवळी पडलेली पावती:
चव्वेचाळीस सालचा ऑक्टोबर,
पुरुषाची सायकल, काळी, एक नग.
सही करताना शिपाई हसला होता म्हणे.
एकहार्टनं ती वाचली. पुन्हा वाचली.
माफी मागितली नाही, हे मला आवडलं.
"अक्षर चांगलं आहे," एवढंच म्हणाला,
आणि त्याचा आवाज मध्येच खाली बसला.

तेवढ्यात बाबा आले.
कुंपणाला टेकलेली परकी सायकल पाहिली,
बीलेफेल्डचा शिक्का पाहिला,
वाकून मागचं चाक अंगठ्यानं दाबलं.
आत गेले.
आईचा बटाटे सोलायचा सुरा थांबला.
मी दार आणि एकहार्टच्या मध्ये
आडवी उभी राहिले, का ते विचारू नका.

बाबा बाहेर आले, हातात पंप.
अकरा वर्षं तो भिंतीच्या फळीवर
सायकलीवाचून पडून होता.
चामडं कडक झालेलं; थुंकी लावली,
आणि एकेक करून हवा भरत राहिले,
जणू चाकाशीच हुज्जत घालत.
मान वर न करता म्हणाले,
"हद्दीकडे जायचं तर चर्चपाशी उजवीकडे.
मग सरळ सडक. अंधाराआधी पोचशील."

आमच्या घरातून जर्मन माणसाला
पहिल्यांदाच कुणी खरा रस्ता सांगितला होता.
आणि मी मनात म्हटलं,
बाबा, आजच
इतकं बरोबर सांगायची काय गरज होती?