जोर

त्या उन्हाळ्यात माझ्या डायरीत बावीस लग्नं होती.
बाविसांनीही अ‍ॅडव्हान्स परत मागितला,
आणि त्याच आठवड्यात माझा रिपोर्ट आला.
माडीवरच्या खोलीत मी, कॅमेरा, दोन लेन्स,
आणि नवरीच्या एंट्रीला धूर सोडायचं मशीन,
जे लावलं असतं तर मीच गुदमरलो असतो.

पहिल्या दिवशी ताटाचं शूटिंग केलं.
वहिनी वरच्या पायरीवर ताट ठेवायची,
कठड्यावर चमचा दोनदा वाजवायची, उतरायची.
पांढऱ्या रश्श्याची वाफ दार उघडेपर्यंत उरायची नाही.
वास तर नव्हताच.
वास नसलेलं ताट कॅमेऱ्यात
वास असलेल्या ताटासारखंच दिसतं.
ते फुटेज मी टाकून दिलं.

मग खिडकी.
मंगळवार पेठेत गल्ली एवढी अरुंद
की समोरच्या कुकरच्या शिट्ट्या आपणच मोजतो.
समोरच्या गच्चीवर केरबा साळोखे,
उद्यमनगरात चाळीस वर्षं साचे भरलेला माणूस,
रोज सकाळी सव्वासहाला यायचा,
पट्ट्यापट्ट्याची हाफ पँट, दोन विटा,
आणि जोर काढायचा, मोठ्यानं मोजत.
तालमी बंद होत्या.
सायरन सीपीआरकडे जायचे,
मध्येच हा आवाज: सोळा. सतरा. अठरा.

ट्रायपॉड खिडकीला लावला.
पहिल्या दिवशी चाळीस.
मग छत्तीस. चौथ्या दिवशी एकतीस, शेवटचे दोन अर्धेच.
बाराव्या दिवशी नऊ.
नवव्यानंतर विटांवर हात ठेवून तो
बराच वेळ खाली बघत राहिला,
खिशातलं काही पडल्यासारखा.
तेराव्या दिवशी नुसत्या विटा.
मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही.
चौदा मिनिटं विटा.
एक कावळा आला, एका विटेवर बसला,
दुसरीवर शिटून गेला.
तेही आहे माझ्याकडे, फोकससकट.

दिवाळीनंतर एडिटिंगला बसलो.
लग्नांत मी हेच करत आलोय,
रुसलेली मावशी काढायची,
नंतरचं हसू आधी लावायचं.
रात्री अडीचला क्लिपा उलट्या क्रमानं मांडल्या.
आधी विटा. मग नऊ. मग चौदा. मग एकतीस.
माणूस रोज थोडा थोडा उठत चाळीसपर्यंत गेला.
तीनदा बघितलं.
मग एकेक क्लिप ओढत सगळं जागच्या जागी.

शालनताईला बोलावलं. परवानगी हवी होती,
तिच्या बापाचा घाम माझ्या हार्ड डिस्कवर होता.
ती स्टुलावर बसली, मांडीवर पिशवी तशीच,
आणि नऊवर आल्यावर हसली.
म्हणाली, "आबाला डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
अंथरुणातनं उठायचं न्हाई.
मी भांडायची, तर म्हणायचा,
समोरचं पोरगं एकटंच खिडकीत बसतंय दिवसभर,
त्याला कायतरी बघायला नको व्हय?"

ती गेल्यावर मूळ फुटेज काढलं.
चौथा दिवस. एकतिसावा अर्धा जोर. त्यानंतर
तो मान वर करतो आणि सरळ लेन्समध्ये बघतो.
पावणेदोन सेकंद.
मी ते कापलं होतं.
पाहुणा कॅमेऱ्याकडे बघायला लागला की कापायचं,
ही माझी चौदा वर्षांची सवय.

तुकडा परत लावला.
आता फिल्म सव्वाअकरा मिनिटांची आहे,
त्यात मी कुठंच दिसत नाही,
पण ते पावणेदोन सेकंद
माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचे नाहीत.

शेवटच्या पाटीवर काय लिहू, म्हणून फोन केला.
"अभिनय" म्हणू का?
पलीकडं भांडी वाजत होती. ती म्हणाली,
"काय बी म्हण, पण नाव पुरतं लिही.
केरबा ज्ञानू साळोखे.
मधलं सोडू नको.
रेशनकार्डावर सोडलेलं,
लई तरास झाला."