दम

बारा हजार फुटांवर, ओरुरोच्या बाजारात माझा गाळा:
दीड टेबल, सोल्डरिंगची एक सळी,
आणि खिडकीत तीन मॉनिटर, ज्यांना परत न्यायला
कुणी आलंच नाही.

आज दोन्या नातिविदादनं पुन्हा आणलाय तो
पिवळट पडलेला टॉवर, हातगाडीवर,
बटाट्यांच्या पोत्याला टेकवून.
"सुरू होतो, घरघरतो," म्हणते,
"आणि मग निळा पडतो."

झाकण काढतो. पंख्यात लोकरीचे धागे, खाणीकडची राखाडी धूळ.
डिस्कला कान लावतो.
टक्. टक्. मग खरखर.

तिला सांगतो, जे मी सगळ्यांनाच सांगतो:
आत एक तबकडी फिरते, दोन्या,
तिच्यावर एक सुई तरंगते, टेकत नाही कधी,
मधे हवेचा पदर, केसाहून कितीतरी पातळ.
आपल्याकडची हवा विरळ. पदर फाटतो.
सुई टेकते. जिथे टेकली तिथलं अक्षर गेलं.
कागदावर छापलेलं असतं, दहा हजार फुटांच्या वर वापरू नये,
पण आपल्याला विकणारे ती बारीक ओळ वाचून दाखवत नाहीत.

"म्हणजे याला दम लागतो."
हो.
"आणि इतकी वर्षं दम धरून होता."
हो.

मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब:
पंखा चाळीस, पॉवर सप्लाय एकशेऐंशी,
मेमरी, मिळाली तर.
बेरीज केली तेव्हा कोंबडीपेक्षा मसाला महाग.
नवा घ्या, म्हणालो. त्यात फिरणारं काहीच नसतं,
सगळं चिपांवर, ना आवाज, ना श्वास.
माझा मेव्हणा हप्त्यानं देतो.

ती आवाजापाशीच अडली.
"मग चालू आहे हे कळायचं कसं?"
दिवा असतो. बारीक.

आत काय आहे ते मला ठाऊक आहे.
पेन्शन कचेरीसमोरच्या तिच्या खोलीत
एकोणीस वर्षं टाइप झालेले अर्ज:
विधवांचे, खाणीतून खोकत वर आलेल्यांचे,
"माननीय साहेब"पासून "आपली नम्र"पर्यंत.
त्यातला एक सेबेरोचा, तिच्या नवऱ्याचा.
डॉक्टरनं लिहिलं होतं, खाली राहायला जा,
कोचाबांबाला, तिथे हवा दाट आहे.
सेबेरो म्हणाला, खाली माझं कोण आहे?
आणि इथेच गेला, ओठ निळे पडून.
कारखान्यातून नवं फुप्फुस मागवायची सोय नव्हती.

"खाली नेला तर?"
कोण?
"हा. खाली नेला तर चालेल?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं.
मग फुटांचं गणित केलं.
कोचाबांबा साडेआठ हजारांच्या आत.
झालेली झीज काही भरून येत नाही. पण सुई
तरंगेलही एखादा दिवस, अर्धा दिवस,
तेवढ्यात उतरवून घेता येईल उरलंसुरलं.
कदाचित, म्हणालो. लिहून देत नाही.

"लिहायचं काम माझं," ती म्हणाली.

पैसे घेतले नाहीत. केबल दिली,
एक कोरी डिस्क उधारीवर,
आणि खाली राहणाऱ्या तिच्या भाचीसाठी चिठ्ठी:
आधी थंड होऊ दे. मग एकदाच सुरू कर.
बंद करू नकोस. घाबरू नकोस.

संध्याकाळी बसस्टँडवर पोचवायला मीच गेलो.
टॉवर तिनं पाठीशी बांधला होता, पट्ट्यापट्ट्यांच्या शालीत,
इथे तान्ही पोरं बांधतात तसा.
एक वायर बाहेर लोंबत होती.
कंडक्टर म्हणाला, सामान टपावर.
ती म्हणाली, आजारी आहे.
तो म्हणाला, मग तिकीट लागेल.

तिनं दोन काढली.
खिडकीची जागा त्याला दिली.

बटाट्यांचं पोतं माझ्याकडेच राहिलंय.
कोंब फुटायच्या आत
परत यायला हवी ती.