बाहेरचा एक

कोल्चानीच्या शाळेत खिडकीबाहेर सगळं मीठ,
आणि त्या मिठावर कोपरं टेकून आभाळ.
नेमेसिया कोल्के बाई फळ्यावर तीन ठिपके काढतात.
दोन आत, अगदी बिलगून,
एक बाहेर, अंगणात पाय सोडून बसलेला.
"हा लिथियम. आपण याच्यावरच उभे आहोत."

बाहेरच्याला तोडायला किती जोर?
पाचशे वीस.
आणि मग आतल्यातला एक काढायचा म्हटलं तर?
सात हजार दोनशे अठ्ठ्याण्णव.
शेवटच्या आठावर खडू मोडतो.

ओळीने उजवीकडे चालत जा, म्हणतात बाई,
मूठ आवळत जाते.
निऑनच्या घरातून कुणी दारापर्यंतही येत नाही.
खाली उतरा, की घराला घर जोडलेलं,
पडवीला पडवी,
आणि सगळ्यात बाहेर निजलेल्याला
आतली हाक ऐकूच जात नाही.
सीझियमच्या पत्र्यावर नुसतं ऊन पडलं
तरी तो उठून चालू लागतो.

"मग ऑक्सिजनपाशी पायरी खचलीय ती?"
विल्माराने विचारलं नसतं तर बाईंनी ते झाकलंच असतं.
"नायट्रोजनकडे तिघांना तीन खाटा.
ऑक्सिजनकडे चौथा येतो,
एका खाटेवर दोघं. ढकलाढकली होते.
त्यातला एक जरा सहज सुटतो."

वर्ग हसला.
विल्मारा हसली नाही.
तिची खाट ऑगस्टपासून रुंद झालीय.
एलाडिया कालामाला गेली, तांब्याच्या खाणीवर,
खानावळीत भांडी घासायला.
तिला तोडायला लागले
एकशे ऐंशी बोलिव्हियानो
आणि ट्रकचा एक भोंगा.

संध्याकाळी बाष्पीकरणाची तळी हिरवी, मग जांभळी.
आई मिठाच्या गोणीला टाके घालतेय.
मामा पुन्हा म्हणाला, ओरुरोला चला, खोली आहे, नळ आहे.
आईने दोरा दाताने तोडला.
तिचा आकडा
कुठल्या फळ्यावर मावेल, विल्मारा मनात मांडून बघते.

एक गेला, की उरलेले
आणखी घट्ट धरले जातात.
हे बाईंनी घंटा झाल्यावर सांगितलं,
दप्तरं भरताना, अर्ध्यांनी ऐकलंच नाही.

रात्री थंडी उणे नऊ.
आईचा हात झोपेत येऊन दंडावर पडतो.
विल्मारा हळूच सोडवून बघते.
बोटं आणखी मिटतात.