पेटीवरची चिठ्ठी

किलिबेग्सच्या धक्क्यावर बांगड्याची पेटी उतरते
तेव्हा तिच्यावर चिठ्ठी असते:
कुठल्या बोटीचा, कुठल्या अक्षांशाला,
जाळं किती वाजता ओढलं.
चिठ्ठी नसेल तर ट्रक दारातूनच परत.
बावीस वर्षं चिकटवतोय मी त्या.

ओर्ला मॅगिनलीच्या ऑफिसात हीटर फक्त तिच्या पायांशी.
जन्मदाखला आणलायस, कोनल?
आणला होता. त्यावर माझं नाव आहे,
स्पेलिंगसुद्धा बरोबर.
ती म्हणाली, यानं तू बाप ठरतोस,
पालक ठरत नाहीस.
लग्न?
करणार होतो. मासळी चांगली लागली की.
एका छपराखाली, सलग बारा महिने?

मी बोटांवर मोजलं.
दहा महिने आणि एकोणीस दिवस.
मग दाइव्हा बहिणीकडे राहायला गेली,
पाळणा तिनं एकटीनं जिन्यावरून उतरवला,
मी रॉकॉलच्या पलीकडे, जाळ्याशी.
समुद्रावरचे दिवस धरतात का?
ओर्लानं चष्मा काढला.
धरले तरी पुरत नाहीत.

शपथपत्राचा फॉर्म घरी ड्रॉवरमध्ये होता,
फ्यूजची तार आणि चायनीजच्या मेन्यूखाली.
माझी सही झालेली.
उद्या करते, म्हणाली होती दाइव्हा.
खोटं बोलत नव्हती, तेव्हा.

मंगळवारी त्या दोघी विमानात बसल्या.
मी अर्ज टाकला गुरुवारी.
बुधवारी काय केलं?
बूट वाळत घातले. झोपलो.

एक करार आहे, ओर्ला म्हणाली,
पुष्कळ देशांच्या सह्या आहेत त्यावर,
पळवून नेलेलं मूल परत धाडायचा.
पण पळवलं म्हणायला
आधी कुणाचा तरी हक्क मोडावा लागतो.
पुढचं ती बोलली नाही,
कागद टेबलावर आपटून सारखे केले.

म्हणजे गुन्हा नाही. चूकसुद्धा नाही.
कायद्याच्या लेखी
एक बाई लेकीला घेऊन माहेरी गेली.
राग मी दाइव्हावर ठेवून पाहिला,
दोन दिवस टिकला.
दोन हिवाळे मी घरी कमी होतो
आणि असलो की घोरत होतो.

उग्ने म्हणजे त्यांच्या भाषेत आग.
नाव आजीनं सुचवलं, क्लाइपेडाहून, फोनवर.
मी म्हटलं, बरंच आहे,
दर्यावरच्या माणसाच्या घरात आग असलेली.

रविवारी फोन लागतो.
अडीच वर्षांची झालीय, पडद्याला दात लावते.
लाइवास, म्हणते. लाइवास!
दाइव्हा मागून सांगते, जहाज.
मी विचारतो, कुठलं?
तिथे कुणीतरी भांडी घासतंय,
मला ऐकू येत नाही.

काल पहाटे एक कोरी चिठ्ठी हातात उरली.
तिच्यावर लिहिलं:
लेटरकेनी. चार चाळीस. तीन किलो शंभर.
'कुठल्या बोटीचा' या रकान्याशी पेन थांबलं.
ट्रकवाला हॉर्न देत होता,
नऊशे पेट्या अजून उतरायच्या होत्या.