साठ–चाळीस

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी हत्तुरे सी.ए. म्हणाले,
दोघांचीच भागीदारी होती ना,
मग एक गेला की फर्म आपोआप संपते.
आपोआप हा शब्द त्यांनी
गरम चहाच्या कपासारखा
कडेला धरून पुढे सरकवला.

पाचशेचा स्टँप. साठ नायनांचे, चाळीस माझे.
खाली दोन सह्या,
त्यांची तेलुगूत, माझी मराठीत.

अशोक चौकामागच्या गाळ्यात
चादरीवर मोर उतरायच्या आधी
तो आमच्याकडे यायचा, चौकोनाचौकोनांचा.
मी आलेख वाचायची, नायना पुठ्ठ्याचे पत्ते टोचायचे.
भोक असेल तर दोरा उचलला जातो,
नसेल तर पडून राहतो.
आठ वर्षांची असताना एवढंच शिकवलं त्यांनी,
बाकीचा धंदा मी त्यांच्याशी भांडून शिकले.

सांत्वनाला आलेले म्हणत होते,
मल्लेशमभाऊंची पोकळी भरून निघायची नाही.
मी मान हलवत होते.
मनात म्हणत होते,
बाबांनो, आम्ही पोकळ्याच विकतो,
शेकड्याच्या भावानं, मोजून, ओळीत.
चुकून पडलेली कागदाची पट्टी लावून बुजवतो,
वर खळ, वर अंगठा.

खरं तर त्या दिवशी दोघं गेले.
नायना गेले, त्यांच्यासाठी सगळं झालं,
पिंड, कावळा, गल्लीभर जेवण.
दुसरा माझा भागीदार.
त्याला ‘अहो’ म्हणायची माझी पद्धत नव्हती,
गाळ्याचं शटर वर गेलं की ‘अरे’ सुरू.
त्याच्यासाठी कुणी आलं नाही.

तो हट्टी होता.
इलेक्ट्रॉनिक जकार्डचं नाव काढलं की
कान खाजवत बसायचा.
येमूलच्या कारखान्याला नऊ वर्षं जुन्याच दरात पत्ते दिले,
का तर म्हणे पूर्वी त्यांच्या लूमवर
उभं राहायला जागा मिळाली होती.
उभं राहायला! मी म्हणायची,
आता आपण बसलोय ना, भाव वाढव.
आठ-आठ दिवस अबोला.
घरी मात्र ताटावर नायना विचारायचे,
चटणी हवी का गं, स्वरूपा,
जणू गाळ्यातला तो माणूस
त्यांच्या ओळखीचाच नाही.

महिना झाल्यावर मी येमूलचा दर वाढवला.
शेकड्यामागे वीस रुपये.
फोन केला तेव्हा छातीत धडधडत होतं.
पलीकडून म्हणाले, बरं.
एवढंच. बरं.
इतक्या वर्षांचं भांडण
मी एका मिनिटात जिंकले
आणि फोन ठेवल्यावर
मागे वळून बघितलं.

मागे मशीन. मशीनवर मळका रुमाल.
रुमाल तसाच आहे, उगाच काही म्हणून नाही,
त्यानं लिव्हरचं तेल हाताला लागत नाही.

आता कागद माझ्या नावचे. मालक, एकटी.
जीएसटीचा जुना नंबर रद्द करताना
कारण निवडायचं होतं, यादीतून.
‘भागीदाराचा मृत्यू’ सरळ सापडेना,
इतर निवडलं.
इतरच्या पुढच्या रिकाम्या चौकोनात
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.

काम दोघांचं आहे, एक वाचतो, एक टोचतो.
पोरगा ठेवून बघितला,
त्याला मोबाइल वाचता येतो, आलेख नाही.
म्हणून मीच मोठ्यानं वाचते, नायनांच्या भाषेत,
रेंडु वदुलु, मूडु कोट्टु,
दोन सोड, तीन टोच,
मग मीच पाय दाबते.
मध्ये ते ‘ऊं’ म्हणायचे,
ऐकलं, पुढे चल, अशा अर्थाचं.
तेवढा वेळ मी अजून थांबते.
त्यानं दिवसाचे तीस-चाळीस पत्ते कमी पडतात.

मोराची मान झाली.
पिसारा बाकी आहे,
आणि येमूलच्या माणसाला
उद्या चारला माल हवाय.