कडीचा आवाज

ज्वालामुखीच्या ओल्या उतारावर, हवाईत,
उलुवेही सहा वर्षं कावळे वाढवते आहे.
अलाला म्हणतात त्यांना तिथे.
रानात आता एकही नाही.
आहेत ते सगळे जाळीत जन्मलेले,
आईच्या जागी काळ्या कापडाची चोच
आणि तिच्यातून डोकावणारा चिमटा पाहिलेले.

आज भीतीचा तास.
म्हातारा काओहू दोरीने ओढतो
पेंढा भरलेला ससाणा,
आणि कर्ण्यातून सुटते जुनी ध्वनिफीत :
कधीच मेलेल्या कुणा कावळ्याने
खऱ्या भीतीने मारलेली आरोळी,
मागे फितीची खरखर.

कावळा ओरडला की पाहुणा येतो, हे आपलं.
इथे कावळ्याने ओरडावं म्हणून
पाहुणा खोटा आणलेला.
पिल्लं माना वाकड्या करतात.
सतरा नंबर तर उड्या मारत जवळ जातो
आणि ससाण्याच्या काचेच्या डोळ्यावर
टकटक करून बघतो, आत कोण आहे.

"घाबर ना रे," ती म्हणते, "घाबर, बाळा."
कुठली आई असं म्हणते?

दार उघडलं त्या दिवशी
दोन तास कुणी बाहेरच आलं नाही.

मग सात गेले.
तिसऱ्या आठवड्यात दोघांचे संदेश
एकाच जागेवरून येऊ लागले, न हलता.
ओहियाच्या मुळांशी पिसं सापडली.
तिने ती पाकिटात घातली,
वर पेन्सिलीने तारीख.
काओहू काही बोलला नाही,
नेच्यांवर हात पुसत राहिला.

आज धुकं गुडघ्यापर्यंत.
ती ओंडक्यावर बसलेली, वही भिजलेली.
आणि वर कुठेतरी, पानांच्या आत,
किर्र... खट्.
खाण्याच्या खोलीची गंजकी कडी.
हुबेहूब.
खोली चार मैल मागे.

पुन्हा : किर्र... खट्.
एवढाच शब्द आहे त्याच्याकडे
भुकेसाठी, पहाटेसाठी,
कदाचित तिच्यासाठी.
पिशवीत पपईच्या फोडी आहेत.
ओ द्यायची नाही, हा नियम
तिनेच लिहिलेला.

मग धुक्यावरून एक सावली सरकते, रुंद पंखांची.
कडी थांबते.

ती श्वास धरते.

आणि वरून येते ती आरोळी,
मेलेल्या त्या कावळ्याची, चुकत, अडखळत,
आणि शेवटी, नीट, जशीच्या तशी,
फितीची खरखर.