जाळ कशाचा हुता

बरक्याच्या हलवाखान्यात मला बोलावलं होतं
धूर ओढणारा पंखा दुरुस्त करायला.
उद्या ईद. ओळीनं सहा तांब्याच्या कढया,
आणि पंखा साखरेच्या वाफेनं चिकटून बसलेला.
पाती पुसता पुसता फडक्याला गुलाबपाण्याचा वास लागला.

खल्फान सत्तरीचा. पोरगा मस्कतला बँकेत.
दोन तास हात थांबवायचा नाही, म्हणाला,
थांबला की तळ धरतो.
अर्धं अरबीत, अर्धं हिंदीत.
मी म्हटलं, ठाऊक आहे.

कसं ठाऊक, ते सांगत बसलो नाही.
कागलकडच्या गुऱ्हाळावर बाप गुळव्या होता.
काहिलीतली उकळी कानानं ओळखायचा,
मला मात्र चुलाणाजवळ फिरकू देत नसे:
"तू शीक. गारव्यात बसून कमव."
ऐकलं मी. शब्दशः ऐकलं.
वीस वर्षं लोकांच्या खोल्या गार करतोय.

"पंखा होईल," खल्फान म्हणाला, "हे धर जरा."
वल्ह्याएवढं उलथणं.
त्याला कंबर टेकायची होती, कॉफी घ्यायची होती;
टीचभर पेला, हलवून परत दिला की पुरे.
मी ढवळत राहिलो.
आधी नुसतं पांढरट पाणी. मग केशर. मग तूप,
ओतलं की वरच तरंगतं, रुसल्यासारखं,
आत जातं, आणि शेवटी कडेनं पुन्हा बाहेर येतं.
बुडबुड्यांचा आवाज जड झाला.
लप्.
लप्.
मी मराठीतच ओरडलो, "उतरवा!"
आणि त्याच क्षणी मागून तो, "खलास!"

आमच्याकडे खलास म्हणजे माणूस गेला.
इथं खलास म्हणजे झालं, या, खा.

कागदावर लिहिलं: मोटर बदलली, पाती साफ केली.
त्यानं सही केली, पैसे दिले,
वर एक डबा, बदाम लावलेला.

रात्री खोलीवरून बापाला फोनवर दाखवला.
चव विचारली नाही त्यानं.
रंग बघितला. डबा तिरका करायला लावला.
हलवा हलला नाही, तेव्हा स्वतः मान हलवली.
"जाळ कशाचा हुता?"
समुराचा, म्हटलं. बाभळीचीच भावकी.
"हं. बाभळ दमानं जळती."
मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास,
आणि मागं कुणाची तरी मोटरसायकल.
"ढवळायला कोण हुतं?"

उजव्या तळव्यावरचा फोड
मी डब्याखालीच राहू दिला.